दोन्ही उलटं म्हणजे सुलट!

"विजयाताईंना बाजारची ढाल? छे छे! ज्यांचा आवाज ऐकून देवालाही विटेवरून खाली उतरावंसं वाटेल, त्यांच्या हातात बिट्टन मार्केटातली प्लास्टिकची ढाल द्यायची? यंदाचं सन्मानचिन्ह मी घरी करणार. सागवानी फळीवर, लेझरनं कोरून. तुम्ही फक्त बघत राहा!"

कीर्तन सप्ताहाच्या बैठकीत गोपीनाथरावांनी अशी गर्जना केली आणि सगळ्या मंडळानं टाळ्या वाजवल्या. वाजवल्या नाहीत त्या फक्त वसंतरावांनी. दरवर्षी ढाल आणायचं काम त्यांचं. त्यांनी हनुवटी खाजवली आणि एवढंच विचारलं, "उलटं तर नाही ना येणार?"

झालं! गोपीनाथरावांच्या मनात पाल चुकचुकली. नुसती चुकचुकली नाही, तिथे बिऱ्हाड करून राहिली.

"उलटंच का म्हणाले?" घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं. "जळेल का, तडकेल का, असं नाही विचारलं. उलटं! आणि गेल्या आठवड्यात चहाला आले तेव्हा गॅलरीत लेझरच्या मशीनपाशी एकटेच उभे होते ना?"

"अहो, चहा गरम होता म्हणून उभे होते," सुमित्राकाकू म्हणाल्या.

"चहा बसूनही गार होतो!"

संशय हा गोपीनाथरावांचा जोडधंदाच होता. दूधवाला पाणी घालतो, भाजीवाला तराजूला अंगठा लावतो आणि भोपाळचे समस्त रिक्षावाले कट करून त्यांना भलतीकडे नेतात, याबद्दल त्यांची खात्री होती. बिट्टन मार्केटला निघावं, इमानेइतबारे वळणं सांगावीत आणि पोचावं हबीबगंज स्टेशनावर, असं त्यांच्या बाबतीत नेहमी व्हायचं. हिंदी तर फर्डी बोलायचे. सगळी इंजिनियरची नोकरी भोपाळात काढलेली!

पण या वेळचा संशय साधा नव्हता. ज्यानं सन्मानचिन्ह आणलं, त्यानंच ते सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी व्यासपीठावर जाऊन द्यायचं, आणि तो फोटो मंडळाच्या सभागृहात लागायचा, असा रिवाज. दरवर्षी भिंतीवरून वसंतराव हसत होते. गोपीनाथराव मात्र लहानपणापासून कीर्तनात पहिल्या रांगेत बसून टाळी धरणारे, विजयाताईंच्या नुसत्या "जय जय रामकृष्ण हरी"नं डोळे भरून येणारे. त्या फोटोसाठी त्यांचा जीव तुटत होता.

तेव्हा कोरण्याआधी मशीन तपासून घ्यायचं ठरलं. कारण वसंतराव!

मशीन चालायचं मोबाईलवरून. लेझरच्या धुरानं खोकला येतो म्हणून मोबाईल घेऊन मुलगी मृणाल आत खोलीत बसली. गॅलरीत डोळ्यांना हिरवा चष्मा लावून गोपीनाथराव, आणि त्यांच्या फोनच्या स्पीकरवर कंपनीचा मदतनीस.

"सर, मैडम से बोलिए, दायाँ वाला तीर दबाएँ। हेड दायाँ जाना चाहिए।"

खिडकीतून ऐकून मृणालनं तीर दाबला. मशीनचं कोरणारं हेड सुर्रकन सरकलं.

"नहीं गया!" गोपीनाथराव ओरडले. "उल्टा गया!"

"पक्का, सर?"

"मेरे आँखों के सामने गया! एकदम उल्टा!"

"मतलब आपकी मशीन उल्टी कर रही है?"

"हाँ! सुबह से उल्टी!"

सुमित्राकाकू धावत आल्या. एका हातात आलेपाक, दुसऱ्यात बादली. "कुणाला होतेय? मृणालला का? काल ती चाट खाऊ नको म्हटलं होतं!"

"अगं, मशीनला!"

"मशीनला?" काकूंनी आलेपाक स्वतःच्या तोंडात टाकला आणि बादली घेऊन परत गेल्या.

मदतनिसानं मग आडव्या चालीची दिशा सेटिंगमधून उलटवायला सांगितली. मृणालनं उलटवली. पुन्हा "दायाँ", पुन्हा सुर्रकन! आता गोपीनाथरावांचं समाधान झालं. "पकडला! वसंतरावांनी चहा पिता पिता दिशा बदलून ठेवली होती बरं का!"

"बाबा, कुछ भी! त्यांना स्वतःच्या मोबाईलचा आवाज कमी करता येत नाही."

"तेच दाखवतात ते. वरवर!"

पहिली फळी लावली. लेझर सुरू झाला. सागाचा खमंग वास सुटला. गोपीनाथराव हात जोडून उभे, जणू गाभाऱ्याचं दार उघडतंय. धूर निवळला आणि त्यांनी पाहिलं. 'कीर्तनसेविका विजयाताई यांना सादर' यातलं प्रत्येक अक्षर रुसल्यासारखं पाठ फिरवून बसलं होतं. वाचायला आरसा हवा!

"उलटं!" ते मटकन बसले. "वसंतराव म्हणाले तस्संच!"

आता उरली एकच फळी. कीर्तन संध्याकाळी. मृणाल म्हणाली, "आधी केलेलं परत पहिल्यासारखं करू या ना."

"मुळीच नाही! पहिल्यासारखं म्हणजे वसंतरावांनी केलेलं. हा बेरकीपणा गणितानंच मोडायचा. वजा गुणिले वजा बरोबर अधिक! उभी चाल पण उलटव. दोन्ही उलटं म्हणजे सुलट!"

"बाबा, पण..."

"इंजिनियर कोण आहे?"

दुसरी फळी लागली. धूर निवळला. शिरोरेषा तळाला, अक्षरं वटवाघळांसारखी खाली डोकं वर पाय! गोपीनाथरावांनी उपरणं तोंडावर घेतलं आणि आरामखुर्चीत आडवे झाले.

नेमके तेव्हाच दारात वसंतराव. "काय, झालं का तयार?"

उपरणं उडालं! "तयार? करून ठेवलीत ना वाट! बघा तुमचं कर्तृत्व! चहा पाजला मी तुम्हाला, आलं घालून! आणि तुम्ही माझ्या मशीनची दिशा फिरवलीत!"

"मी?" वसंतराव कळवळले. "अहो, माझ्या साडूनं असलंच मशीन घेतलंय. त्याचं महिनाभर सगळं उलटं यायचं, म्हणून काळजीनं विचारलं मी." बोलता बोलता त्यांनी टेबलाकडे येऊन फळी उचलली आणि हातातल्या हातात गर्रकन फिरवली. वरची बाजू खाली, खालची वर. "वा! काय सुरेख आलंय हो! यात बिघडलं काय?"

 फळी अगदी सुलट होती. ठसठशीत, देखणी. सुमित्राकाकूंनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

"मग... मग मुळात उलटं कुणी केलं?" गोपीनाथरावांनी चाचरत विचारलं.

मृणालच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. "बाबा, दायाँ हात वर करा."

गोपीनाथरावांनी ताठ मानेनं डावा हात वर केला.

"बाबा! दायाँ म्हणजे उजवा! मशीन पहिल्यापासून ठीक होतं!"

"काहीतरीच! दायाँ... डावा... शब्द सरळ तर आहे!" ते बोलता बोलता थांबले. आयुष्यातले सगळे रिक्षावाले त्यांच्या डोळ्यांपुढून निरपराध चेहऱ्यांनी निघून गेले.

संध्याकाळी कीर्तन रंगलं. पेटी-तबल्याची साथ अशी, की खांबसुद्धा डोलावेत. विजयाताईंनी निरूपणाला विषय घेतला, संशय! 'माणूस दुसऱ्याच्या घरात चोर शोधतो आणि स्वतःच्या दाराला कडी घालायची विसरतो,' त्या म्हणाल्या, आणि गोपीनाथराव वसंतरावांच्या कानाशी लागले, "यांना कुणी सांगितलं?"

"तुम्ही गप टाळी धरा हो," वसंतराव म्हणाले आणि त्यांनी प्रेमानं त्यांचा हात दाबला. गोपीनाथरावांना इतकं भरून आलं, की व्यासपीठावर जाताना त्यांनी वसंतरावांनाही ओढून बरोबर नेलं. फळी विजयाताईंच्या हाती दिली. ताईंनी ती कपाळाला लावली. गोपीनाथराव कृतार्थ झाले! घरातून निघाल्यापासून ते मनात घोकत होते, दायाँ म्हणजे उजवा, दायाँ म्हणजे उजवा.

"अंकलजी, थोड़ा दायाँ!" कॅमेरावाला ओरडला.

अहाहा! या क्षणासाठीच तर घोकलं होतं! गोपीनाथराव ठामपणे स्वतःच्या उजवीकडे सरकले.

"नहीं अंकल, दायाँ! मेरा दायाँ!"

पण लाउडस्पीकरवर गजर सुरू झाला होता. त्यांना ऐकू आलं फक्त "दायाँ". ते आणखी उजवीकडे सरकले. मग आणखी.

फोटो आता सभागृहात लागला आहे. मधोमध फळी घेतलेल्या विजयाताई, शेजारी दरवर्षीसारखे हसणारे वसंतराव, आणि अगदी कडेला उपरण्याचं एक टोक.

गोपीनाथरावांनी ते टोक फोटोला नाक लावून निरखलं. मग मृणालला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काय गं, हा कॅमेरावाला कुणी ठरवला होता?"