सावळीची नावदुरुस्ती

नाव बुडते ती तिच्यात पाणी शिरल्यामुळे, हा लोकांचा गैरसमज आहे. पाणी हे निमित्त. नाव बुडते ती नियोजन अपुरं राहिल्यामुळे. म्हणूनच १९६४ साली सावळी बुद्रुकला आलेल्या सरकारी नावेच्या नियोजनात तसूभरही कसर ठेवली गेली नव्हती. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तिच्यासाठी चावडीत उघडलेल्या नौका-कक्षाचा आवक-जावक कारकून मीच होतो.

सावळी बुद्रुक नदीच्या या काठाला, सावळी खुर्द त्या काठाला. मधली नदी आठ महिने नदी नसते (त्या काळात तिच्यात टरबुजं होतात). उरलेल्या चार महिन्यांत मात्र ती सगळा अनुशेष भरून काढते. दवाखाना, बाजार, टपालपेटी आणि मंजुळाबाई सुईण हे सगळं बुद्रुकला. खुर्दला नुसती माणसं. पावसाळ्यात ती रंगराव भोयाच्या डोंग्यातून ये-जा करायची. डोंगा म्हणजे एका झाडाचं कोरलेलं खोड. तो रंगरावाच्या आज्यापासून चालत होता आणि त्यातून कोणी बुडाल्याची नोंद नव्हती. नोंद ठेवणारंच कोणी नव्हतं, म्हणून आम्ही तो धोकादायक ठरवला. सरकारी नाव आली त्याच दिवशी डोंगाबंदीचा हुकूम निघाला, आणि चावडीच्या दाराला तो मी स्वतःच्या हातानं खळ लावून डकवला.

नाव मुंबईच्या कोण्या क्लबातून आली होती. पांढरीशुभ्र, चोच पुढे काढलेली, मागे मोटार. तिथं तिचं काम काय, तर मागे दोरी बांधायची आणि फळीवर उभ्या असलेल्या माणसाला पाण्यावरून ओढत न्यायचं. (माणूस पडला की उचलायचा, पुन्हा उभा करायचा, पुन्हा ओढायचा. शिकलेली माणसं हे रविवारी करतात.) लाट जेवढी उंच तेवढी मजा जास्त. लाट उंच व्हायची तर नाव मागून जड हवी, म्हणून मागच्या बाकांखाली दोन कप्पे होते आणि कप्प्यांत ठेवायला थैल्या. आम्ही नोंद घेतली ती अशी: नाव १, मोटार १, थैल्या रबरी रिकाम्या ४, फळी उभे राहण्याची १, पुस्तक इंग्रजी १. फळीवर चावडीतला माठ ठेवला. सबंध योजनेतली वेळेत पूर्ण झालेली बाब तेवढीच.

आता पुस्तक. कारभार मराठीतून करायचा हे नुकतंच ठरलं होतं, आणि आमचे अव्वल कारकून पंजाबराव त्या बाबतीत फार कडक होते. पुस्तकात 'बॅलास्ट' हा शब्द एकवीस वेळा आला होता. पंजाबरावांचे साडू जलंबला रेल्वेत. रुळांखाली पसरतात ते बॅलास्ट, म्हणजे आपली गिट्टी, असं साडूंचं लेखी उत्तर आलं आणि भाषांतर सिद्ध झालं: 'मागील कप्प्यांत गिट्टीच्या थैल्या कायम भरून ठेवाव्या, जेणेकरून लाटा मोठ्या होतील.' पुराच्या नदीत लाटा आणखी मोठ्या कशाला करायच्या, असं मी एकदा विचारलं. पंजाबराव म्हणाले, "आपलं काम अंमलबजावणीचं हाय, शंकेचं नाही." मला ते पटलं. तेव्हा मला सगळंच पटायचं.

गिट्टीनं रबर फाटतं म्हणून थैल्या कपाटात जपून ठेवल्या आणि तागाची आठ पोती गिट्टी कप्प्यांत भरली. तिसऱ्या दिवशी कप्प्यांचं बूड निघालं. तेव्हा खामगावहून रज्जाक मिस्त्रींना बोलावणं गेलं. मिस्त्रींची सगळी हयात कापसाच्या जिनिंगमधली लाकूडकामं करण्यात गेली होती. त्यांनी वाकून कप्पे पाहिले, कपाटातली थैली मागवली, तिची तोटी पिळून पाहिली.

"साहेब, ह्याच्यात पानी भरतेत. काम झालं का सोडून द्यायचं. माणसं बसून राह्यली तर वजन कायले पायजे?"

"मिस्त्री," पंजाबराव शांतपणे म्हणाले, "नावेत पानी येऊ नये म्हनून सारी दुनिया धडपडून राह्यली. अन् तुम्ही मले सांगता का आपल्याच हातानं भरा?"

मिस्त्रींनी थैलीची घडी घालून परत दिली.

"हाव, तुमचंबी बराबर हाय," ते म्हणाले आणि मापाची पट्टी काढली. तीस वर्षं धंद्यात काढलेल्या माणसाला कुठं बोलायचं आणि कुठं ठोकायचं हे कळतं.

कप्पे मजबूत करायची परवानगी मागायला मी कागद केला. विषय : नाव दुरुस्तीबाबत. तालुक्याला तो जिथं जायचा तिथंच गेला, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं दुरुस्त करणाऱ्या टेबलावर. पाच आठवड्यांनी शेरे मारून परत आला. जुने नाव काय? नवे नाव काय हवे? बदलाचे कारण विवाह की दत्तकविधान? पंजाबरावांनी तिन्हींना खरी उत्तरं दिली : नाव तीच आहे, तीच ठेवायची आहे, कारण गिट्टी. मंजुरी आली. (या कारणावर आजवर कोणाचाही अर्ज फेटाळला गेलेला नाही.)

या सगळ्यात एका माणसाचा जीव टांगणीला लागला होता, तो खुर्दचा भगवानराव. त्याची बायको आशाबाई पोटुशी होती. आधीची दोन लेकरं हाताला लागली नव्हती, तिसऱ्याला श्रावणातले दिवस होते. मे महिन्यात, नदी कोरडी असताना, मंजुळाबाईनं त्याला सांगितलं होतं, "बाप्पा, तिले माह्या घरी आनून ठेव. तिचं काम नाजूक हाय." भगवानराव बायकोला आणायच्या आधी चावडीत आला. पंजाबरावांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि लेखी दिलं की पंधरा जुलैपासून नाव रोज दोनदा सुटेल. सरकारी शिक्का पाहून भगवानराव निर्धास्त घरी गेला. तो शिक्का मी मारला होता.

जून गेला, नदी आली. भगवानराव रोज सकाळी त्या काठाला उभा राहून ओरडायचा, "ओ साहेब! नाव झाली का हो?" आणि पंजाबराव रोज या काठावरून कळवायचे की काम प्रगतिपथावर आहे. ते खोटं नव्हतं. मिस्त्रींनी आधी सागवानी पट्ट्या ठोकल्या. पट्ट्या वाकल्या म्हणून लोखंडी अँगल लावले. अँगलच्या वजनानं तळ दबला म्हणून तळाला काँक्रीट ओतलं. नाव दहा माणसांची होती. गिट्टी भरल्यावर ती पाच माणसांची झाली, पट्ट्यांनी चार, अँगलनी एक (तो सडपातळ हवा). काँक्रीट वाळल्यावर मी हिशेब मांडला, तो उणे दोन आला. म्हणजे नावेत कोणी बसायच्या आधी दोघांनी उतरणं आवश्यक होतं.

"साहेब, आता तरी गिट्टी काढून टाकू," मिस्त्री म्हणाले.

"गिट्टी काढली तर एवढी मजबुती केली कायच्यासाठी?" पंजाबरावांनी विचारलं.

वीस ऑगस्टला सकाळपासून आशाबाईला कळा सुरू झाल्या. दुपारी भगवानराव काठावर आला तो नावेचं विचारायला नाही. त्यानं नुसते हात जोडले होते. नदी दोन्ही थडी भरून चालली होती. मंजुळाबाई आपलं गाठोडं घेऊन या काठाला केव्हाची उभी.

पंजाबरावांनी नाव पाण्यात लोटायचा हुकूम दिला. बारा माणसं लागली. नाव पाण्यात गेली, जरा थांबली आणि आहे तिथंच सरळ खाली बसली. न कलंडता, न हेलकावता. मोटारीचं टोपण तेवढं दिसत राहिलं. मिस्त्रींच्या कामाची तारीफ अशी की दिवाळीत पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर एकाही कप्प्याला तडा गेलेला नव्हता.

मंजुळाबाईनं पंजाबरावांकडे वळूनही पाहिलं नाही. "रंग्या, डोंगा काढ बे," ती म्हणाली.

रंगराव जागचा हलला नाही. "हुकूम हाय ना, मावशे. जप्त करतीन. मंग मी खाऊ काय?"

"बाई मरून राह्यली तिकडं. काढ म्हन्लं ना."

रंगरावानं डोंगा काढला. पाऊण मैल खाली वाहत जाऊन तो पलीकडे लागला. दिवेलागणीच्या आत आशाबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. भगवानरावानं त्या काठावरून ते ओरडून सांगितलं, तेव्हा मिस्त्रींनी डोळे पुसले. मीही पुसले. पंजाबरावांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "आता ह्याची नोंद कशी घ्यायची?"

प्रश्न रास्त होता. जन्माच्या रजिस्टरात सुईणीचं नाव लागतं. सुईण बुद्रुकची. पावसाळ्यात सरकारी नावेशिवाय नदी ओलांडायला बंदी, आणि सरकारी नाव नदीच्या तळाशी. दिवाळीनंतर, पायवाट झाल्यावर, भगवानराव आणि रंगराव दोघांनाही चावडीत बोलावलं.

"तुही पोरगी श्रावनात झाली म्हनशीन," पंजाबराव म्हणाले, "तर मंजुळाबाई डोंग्यातून गेली. मंग डोंगा जप्त. अन् नाही गेली म्हनशीन, तर पोरगी झाली कशी?"

"पन झाली ना, साहेब. घरी हाय."

"हाय ना. म्हनूनच बाई पायी आली असन. पायी कवा येता येते? नदीले पानी नसते तवा. एक जूनले पानी होतं का?"

"नव्हतं."

"मंग झालं तर."

भगवानरावानं दाराशी उभ्या रंगरावाकडे पाहिलं आणि अंगठा दिला. मी तारीख लिहिली. एक जून. पोरगी जन्मली तेव्हाच दोन महिने एकोणीस दिवसांची होती, आणि तिची आई मुलगी झाल्यावरही तितकेच दिवस गरोदर राहिली. वैद्यकशास्त्राला हे मंजूर होणार नाही. पण वैद्यकशास्त्राला वर अहवाल पाठवावा लागत नाही. आमच्या अहवालात लिहिलं होतं की मोसमात एकही अपघात नाही, विनापरवाना प्रवास एकही नाही. पुढच्या पावसाळ्यात खुर्दला चौदा लेकरं झाली, ती सगळी एक जूनची. पद्धत सोपी होती आणि कोणाला त्रास नव्हता. शाळेचे गुरुजीही तीच तारीख उतरवून नेऊ लागले. इतर गावांनी ती कोणाकडून घेतली ते मला माहीत नाही.

तुम्हाला हसू येत असेल. खुशाल हसा. फक्त त्याआधी आपला शाळा सोडल्याचा दाखला काढा आणि जन्मतारखेचा रकाना पाहा. एक जून आहे ना? मग आई हयात असेल तर तिला विचारा, त्या साली नदीला पाणी किती होतं आणि सुईण आली कशी.