साहेबांच्या काचपेटीतलं शेवाळ

शेवाळ घालवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही! असं मी आमच्या साहेबांना तोंडावर सांगितलं. त्याआधी जन्मात कधी शेवाळाला हात लावला नव्हता, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

१९६३ सालची गोष्ट. मी दिग्रसच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून. आमचे साहेब, रामराव, माणूस भलता कडक. पण नागपूरहून आणलेल्या मासोळ्यांच्या काचपेटीपुढं लोण्यासारखा मऊ. ती पेटी त्यांच्या खोलीत, खुर्चीसमोर, माझ्या टेबलाकडच्या खिडकीपाशी. आत बारा मासोळ्या, आणि तळाच्या रेतीत साहेबांनी स्वतःच्या हातानं लावलेल्या पाणवेली. पण शेवाळ असं माजलं, की आत मासोळ्या आहेत की पालकाची भाजी, कळेना! साहेब काच घासघासून थकले. आठ दिवसांत पेटी पुन्हा हिरवीगार!

"साहेब, तुम्ही खुशाल पुसदले लग्नाले जा. चार दिवसांत काच आरशासारखी करून ठेवतो!"

उपाय मला नागपूरच्या एका मासोळीवाल्यानं सांगितला होता. पेटीवर चार दिवस ठार अंधार करायचा. शेवाळ उपाशी मरतं, वेली तेवढं सोसतात. साहेब पहाटेच्या मोटारीनं गेले. त्यांना जाताना कोणी पाहिलंही नाही. मी त्यांच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, पेटीवर काळी घोंगडी टाकली आणि दाराशी चौकीदार धावजीला उभा केला.

"चार दिवस आत कोणाले जाऊ देऊ नको. उजेडाची तिरीपही पडली नाही पाहिजे!"

"काहून बाबू? आत काय हाये?"

"अरे, साहेबांचा सारा जीव हाये आत!"

मला म्हणायचं होतं, साहेबांच्या जीव की प्राण मासोळ्या. धावजीचा चेहरा मात्र कापसासारखा पांढरा पडला. मला वाटलं, काय जबाबदारीची जाणीव आहे माणसाला!

दुसऱ्या दिवशी पाहतो तर दाराशी वाटीभर गरम आंबील झाकून ठेवलेली! ही धावजीच्या बायकोची, भुरीबाईची माया. मी एवढी मेहनत करून राह्यलो, तिनं ओळखलं! आत जाऊन घोंगडीचं टोक उचलून पाहिलं, आंबील प्यायलो आणि रिकामी वाटी बाहेर ठेवली.

"प्यायले वं माय!" भुरीबाई वाटी छातीशी धरून रडायलाच लागली. आंबील पिणाऱ्याचं इतकं कौतुक मी कुठंच पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी खीर आली. वर शिरा. मीही कशाला नाही म्हणतो? तेवढ्यात कापूस तोलणारे मारोतराव हळूच जवळ आले. "देवराव, कसं काय हाये आता?"

"बरंच बरं हाये! हिरवेपणा उतरला."

"हिरवे पडले होते?"

"नुसते गर्द! आता तोंड उघडून राह्यले, शेपटी हलवून राह्यले."

मारोतराव दोन पावलं मागं सरकले. "श... शेपटी?"

"मंग! मोठी झोकदार!"

मारोतराव चपला हातात घेऊन पळाले. अर्ध्या तासात जिनाची सारी यंत्रं बंद! कापसाच्या चाळीस बैलबंड्या फाटकाबाहेर उभ्या. मला वाटलं, सण असेल काही.

चौथ्या दिवशी भूत उतरवणारा एक भगत लिंबं घेऊन आला आणि दारापुढं घुमायला लागला. सारा जिन अंगणात जमला. हे कायले चाललंय, विचारावं म्हणून मी बाहेर येतो, तोच फाटकातून खुद्द रामराव साहेब आले! हातात थैली, डोक्यावर लग्नाचा फेटा.

"यंत्रं काहून बंद हायेत? कोण मेलं?"

साहेब तरातरा दाराकडे निघाले, तर धावजी हात पसरून आडवा!

"साहेब, आत नोका जाऊ! आत साहेब हायेत!"

बोलून गेल्यावर त्यानं साहेबांकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि मटकन खाली बसला. भुरीबाई किंचाळली, "मंग माही खीर कोण खाल्ली?"

साऱ्यांच्या नजरा माझ्याकडं! माझ्या मिशीला त्या सकाळी आलेल्या शिऱ्याचा रवा तसाच होता.

साहेबांनी दार ढकललं, घोंगडी ओढली. काच लख्ख! वेली डुलताहेत, मासोळ्या सोन्याच्या पुतळ्या सोडल्यासारख्या फिरताहेत. "एक, दोन... बारा! पुऱ्या बारा!" साहेबांचा राग कुठल्या कुठं गेला. भुरीबाई हसायला लागली, मग धावजी, मग भगतसुद्धा! यंत्रं धडधडली, बंड्या आत आल्या, आणि साहेबांनी लग्नातले बुंदीचे लाडू साऱ्यांना वाटले. मला दोन दिले!

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"देवराव, काच खरंच आरशासारखी झाली. आता मले खुर्चीत बसल्या बसल्या पेटीतून थेट तुमचं टेबल दिसते. दोन ते चार तुम्ही त्यावर डोकं टेकून काय करता?"

मंडळी, शेवाळ लवकर वाढवायचा काही उपाय तुम्हाला माहीत आहे का?