खासदाराचं एक मिनिट

डार्सी वोल्चुकला एक मिनिट पुरून उरेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या आमच्या गावात तो गुरांचे लिलाव पुकारायचा. एका दमात बैल दाखवायचा, त्याचा बाप सांगायचा आणि समोरचा नुसता शिंकला तरी बैल त्याच्या गळ्यात मारायचा. हीच लायकी बघून आम्ही त्याला खासदार केलं!

माझी बायको नेटी जन्मभर गावच्या कर्लिंग क्लबात, बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या त्या अड्ड्यावर, पेरोगी म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या करून लोकांना वाढत होती. गेल्या हिवाळ्यात ती गेली. दफनानंतरच्या जेवणात बशी पुन्हा भरता भरता डार्सी म्हणाला, "मायरनकाका, नेटीकाकूंचं नाव मी संसदेत घेणार. शब्द आहे माझा."

प्रश्नोत्तरांच्या आधी काही खासदारांना एकेक मिनिट मिळतं, कुणाचंही कौतुक करायला. मला एवढंच हवं होतं. थडग्यावरचं नाव आमच्याकडे अर्धं वर्ष बर्फाखाली असतं. संसदेतलं छापून राहतं.

डार्सीची पाळी आली तेव्हा मी ओटावाला गेलो. कोट आणि फोन काढून घेऊन मला वरच्या सज्जात बसवलं. टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही, अशी ताकीद दिली. मी शाळेतल्या पोरासारखा हात मांडीवर ठेवून बसलो.

खाली डार्सी उठला. आपण गोठ्यात कसे वाढलो, इथपासून सुरुवात! त्याच्या पक्षाचे लोक उभे राहून टाळ्या पिटू लागले. मग त्याने करांवरून सरकारला टोमणा हाणला. पुन्हा सगळे उभे. लग्नातल्या बँडवाल्यांनाही इतका उत्साह नसतो.

"आणि म्हणूनच," डार्सी छातीवर हात ठेवून म्हणाला, "मला आज आठवण येते ती एका थोर—"

"वेळ संपली," अध्यक्ष म्हणाले आणि पुढच्या खासदाराचं नाव पुकारलं.

डार्सी हसत खाली बसला. मी मात्र उभा राहिलो.

"नेटी! नेटी बाबियक!"

दोन रक्षकांनी मला दंडांना धरून बाहेर आणलं. थोड्या वेळाने डार्सी घाम पुसत आला. टाळ्यांनी वेळ खाल्ला, असं म्हणाला. मग विचारलं, "पण काका, बोललो कसा?"

मी म्हटलं, "बैल विकायला विसरलास."

तो खो खो हसला आणि पायऱ्यांवर माझ्या खांद्यावर हात टाकून त्याने फोटो काढून घेतला.

महिन्याभराने खासदाराचं पत्रक गावात घरोघर पडलं. वर तोच फोटो आणि ठळक अक्षरं: 'मतदारांचा आवाज मी संसदेत पोहोचवला!'

मी ते शेगडीत घालणार होतो. पण फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'दिवंगत नेटी बाबियक यांचे पती.' नाव अगदी बरोबर.

म्हणून पत्रक फ्रिजवर लावलंय. घरात लोहचुंबक एकच आहे, तो डार्सीच्या तोंडावर बसवलाय.