येसूचे काटे

एका जंगलात, मुलांनो, सगळं होतं. झाडं होती, पाणी होतं, राजा होता. बिळाबिळांत मार खाणाऱ्या बायका होत्या. फक्त त्यांचा आकडा नव्हता.

एकदा शेजारच्या जंगलाचा राजा जेवायला आला. त्याने सहज विचारलं, "तुमच्याकडे किती जणी मार खातात?" सिंहमहाराजांचा घास घशात अडकला. मार होता म्हणून नाही. आकडा नव्हता म्हणून.

दुसऱ्याच दिवशी खातं उघडलं. राष्ट्रीय मार-मोजणी खातं. कोल्हा साहेब झाला. मोजायला सातभाई पक्षी नेमले. नावाचे सात भाऊ. त्यातला एकही कुणाचा भाऊ नव्हता.

लिहायला लेखण्या हव्या होत्या. साळिंदराचे काटे ठरले. सरळ असतात, टोकदार असतात आणि फुकट असतात.

त्याच जंगलात येसू नावाची साळिंदरीण होती. तिचा नवरा तिला मारायचा. तुम्ही म्हणाल, साळिंदरीला कोण मारेल? अंगभर काटे असतात. असतात ना. पण लग्नात आईने बजावलेलं असतं, नवऱ्यासमोर काटे उभारायचे नाहीत. नवऱ्याला कुणी काहीच बजावलेलं नसतं.

येसूच्या काट्यांच्या टोकाला तांबूस रेघ होती. साऱ्या कुळात तशी रेघ दुसऱ्या कुणाला नव्हती. धाकट्या भावाला, धोंडूला, तिने कुशीत वाढवलं होतं. एक काटा कधी टोचला नाही.

पंचमी आली. धोंडू मुराळी होऊन बहिणीला माहेरी न्यायला आला. बिळाच्या तोंडाशी तांबूस रेघेचे काटे पडले होते. तो आत शिरला. येसूची पाठ उघडी पडली होती.

"आक्के, हे काय गं?"

"झडतात रे. तू आधी पाणी पी."

"असे मुळासकट झडतात?"

"हळू बोल. तुझे दाजी उठतील."

"उठू दे. बघतोच त्याला."

"तू बघून जाशील, धोंड्या. मागे मला राहायचंय."

मग ती जवळ सरकून म्हणाली, "ने मला. आत्ता ने. परत पाठवू नकोस."

दोघं निघाली. ओढ्यापाशी सातभाई कलकलत आडवे आले.

"थांबा, थांबा! बाईला हलवू नका. मोजणी व्हायची आहे."

"माहेरी नेतोय," धोंडू म्हणाला.

"माहेरी हिला कोण मारतं?"

"कोण मारेल? मी आहे ना तिथे."

"मग तिथे मोजून काय उपयोग? जिथे मार, तिथे मोजणी. ही गेली तर आकडा चुकेल."

धोंडूने काटे फुलवले. तेवढ्यात कोल्हासाहेब आले. आवाज अगदी मधाचा.

"पाहुणे, रागावू नका. बहीण तुमच्या एकट्याची. आकडा साऱ्या जंगलाचा. अमावस्येला मोजू, मग खुशाल न्या."

येसू पुढे झाली. "साहेब, आत्ताच मोजा ना. ही बघा पाठ."

"असं कसं, ताई? अजून लेखण्या पुरेशा नाहीत." साहेबांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. मग सातभाईंना म्हणाले, "हिच्या दारातले काटे गोळा करा रे. चांगले दिसतात."

सातभाईंनी धोंडूला ओढ्यापार हाकललं. येसूला बिळापर्यंत पोचवलं. नवऱ्याला जागं करून सांगितलं, "ही पळून चालली होती. सांभाळा."

त्याने सांभाळलं.

अमावस्येला सातभाई मोजायला आले. नवरा दारात ऊन खात बसला होता.

"घरात मार होतो का?"

"कुणाला मारू? घरात आहे कोण?"

"बायको?"

"पाय घसरून कड्यावरून पडली बिचारी."

सातभाईंनी एकमेकांकडे पाहिलं. "मेलेल्यांचं खातं वेगळं. इथे शून्य लिहा."

दारात काट्यांचा ढीग होता. या खेपेला सगळेच होते. सातभाई खूश झाले.

बातमी कळताच धोंडू दरबारात धावला. तिथे कोल्हासाहेब महाराजांना बिळाबिळांतली शून्यं मिळवून आकडा लिहून दाखवत होते. "महाराज, मोजायला लागल्यापासून मार कमी झालाय." टाळ्या पडल्या.

"माझी आक्का मोजा!" धोंडू ओरडला.

महाराज मायेने म्हणाले, "मोजू की. कुठे आहे? आण तिला."

धोंडूचं लक्ष साहेबांच्या पंजाकडे गेलं. पंजात लेखणी होती. टोकाला तांबूस रेघ.

तो झेपावला. त्याला लेखणी परत हवी होती, एवढंच. शिपायांनी त्याला झाडाला बांधलं. साहेबांच्या पंजावर ओरखडा आला होता. सातभाईंनी लगेच, तिथल्या तिथे, नोंद केली : मार, एक. मारणारा : भाऊ.

यंदाचा आकडा तेवढाच आहे, मुलांनो. शेजारच्या राजाने तो फार वाखाणला.

तात्पर्य : मुलींनो, नवरा मारत असेल तर घर सोडून जाऊ नका, आकडा चुकतो. मरायचंच असेल तर मोजणी झाल्यावर मरा. आणि काटे कधी उभारू नका. राज्याला लेखण्या कमी पडतात.