मागच्या तंगडीसाठी एक दिवस

"दिवस मोजायला मला शिकवू नकोस!" मिलुटिनने बायकोला, एमेशेला, ठणकावलं.

एमेशे हंगेरीची, मिलुटिन सर्बियाचा. सर्बियातल्या सुबोटित्साच्या घरापासून सासर गाडीने अर्ध्या तासावर, पण मध्ये युरोपीय संघाची वेस. मिलुटिनच्या पासपोर्टवर त्या वेशीपलीकडे एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस काढता येतात. मिलुटिन गाद्यांच्या कारखान्यात आठ तासांची पाळी करणारा. त्याच्या लेखी आठ तास म्हणजे एक दिवस! सासऱ्याची पन्हाळ दुरुस्त करायला चार तास? अर्धा दिवस! कपाट सरकवायला दोन तास? पाव! स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जेमतेम त्रेचाळीस भरले होते.

आज सासरी डुक्कर कापायचं होतं. त्या गावात घरचा माणूस मागची तंगडी धरतो, परका गरम पाण्याच्या बादल्या वाहतो. चार वर्षं जावयाने बादल्या वाहिल्या. यंदा सासऱ्यांचा, आर्पादबाबांचा, फोन आला. "ये. तंगडी तुझी." फोन ठेवून मिलुटिन ढसाढसा रडला होता.

सरहद्दीच्या नाक्यावरच्या हंगेरियन अधिकाऱ्याने पासपोर्ट यंत्रावर ठेवला. "आज एक्क्याण्णवावा. परत फिरा."

"त्रेचाळीस, साहेब! तासांसकट लिहिलेत!"

"पाच मिनिटं आलात तरी अख्खा दिवस धरतात."

एमेशे गाडीच्या खिडकीतून अर्धी बाहेर आली. "अहो, लग्नाची बायको शेजारी बसलीय! मी इथलीच!"

"तीच तर अडचण, बाई. दोघं मिळून स्लोव्हाकियाला जा, तिथे यांचे दिवस मोजत नाहीत. बायकोच्या स्वतःच्या देशात मोजतात."

"म्हणजे शेजाऱ्याच्या घरी मी जावई आणि सासरी चोर?" मिलुटिन ओरडला.

हा कायदा लिहिणाऱ्यांना सासरा नसणार! असलाच तर त्याच्याकडे डुक्कर नसणार!

"एखादा तरी दिवस कधी मिळेल?"

"एखादा जुना दिवस एकशेऐंशींच्या हिशोबातून सुटला की. तेवीस दिवसांनी, एक."

मिलुटिनने सासरी फोन लावला. आर्पादबाबांनी आधी सरकारच्या सात पिढ्या उद्धरल्या, मग जावयाच्या.

"बाबा, दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा."

"गप रे गाढवा! डुक्कर थांबेल. खाऊ दे त्याला."

डुक्कर थांबलं आणि खाल्लं! तेवीस दिवसांनी मिलुटिन अंगणात पोहोचला तेव्हा समोर डुक्कर नव्हतं, शेपूट फुटलेला रणगाडा होता. मिलुटिनने देवाचं नाव घेऊन तंगडी धरली. तंगडीने मिलुटिनला धरलं, उचललं आणि बादल्यांत नेऊन टाकलं!

"दोन बरगड्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन दिवस हलायचं नाही."

"बाई, उद्या मी इथे गुन्हेगार ठरतो! बांधा आणि सोडा!"

डुक्कर बाजारात न्यायच्या ट्रॉलीत आर्पादबाबांनी पेंढा पसरला, वर जावई ठेवला. एमेशे उशाशी बसली. दुपारी वरात नाक्यावर आली. अधिकारी तोच.

"मागे कोण?"

आर्पादबाबांनी टोपी काढली. "माझा मुलगा."

मिलुटिनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बरगड्यांचं नव्हे. चार वर्षांच्या बादल्या फिटल्या!

अधिकाऱ्याने सासरा-जावयाचे पासपोर्ट शेजारी शेजारी धरले. एकदा हा पाहिला, एकदा तो.

"मुलगा तुमचा, मग पासपोर्ट सर्बियाचा कसा? घ्या ट्रॉली बाजूला."