शिस्तीतले दुधी

कारखान्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेल्या साहेबांना शिस्त लावायला कोणी उरलं नव्हतं. मुलगी सासरी गेली होती आणि बायको ऐकून घेत असे, ऐकत नसे. शेवटी त्यांची नजर बायकोच्या परसबागेवर पडली.

"काय हा गोंधळ! वांग्याच्या पायात पुदिना, मिरचीच्या अंगावर शेंगांचा वेल, मधेच टोमॅटो! कशाचा कशाला पत्ता नाही."

"कालच्या जेवणात सगळ्यांचा पत्ता लागला होता तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"ते काही नाही. एकच पीक, सरळ रांगा, भरघोस उत्पादन! हे सगळं उपटून दुधी लावतो."

"लावा की."

इतक्या चटकन होकार मिळाल्यावर शहाणा माणूस सावध झाला असता. साहेब कुदळ शोधायला गेले.

दुधी आले. नुसते आले नाहीत, सगळे एकदम आले. आज भाजी, उद्या सूप, परवा कोशिंबीर. नाव बदललं तरी ताटातून तोच चेहरा वर बघे. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, यायचं होतं हो, पण... अजून किती उरलेत?" शेजाऱ्यांनी आधी कौतुकाने घेतले, मग नाइलाजाने. पुढे पुढे साहेब दिसले की खिडक्यांतले दिवे मालवू लागले. एकदा त्यांनी रखवालदाराच्या खुर्चीवर गुपचूप एक दुधी ठेवला आणि काढता पाय घेतला, तर तो धावत मागे आला. "साहेब, तुमचं विसरलं!"

नवल म्हणजे बाईंची काही तक्रार नव्हती. "मला भूक नाही," म्हणत त्या ताट बाजूला सारत आणि समोरच्या मावशींकडे जात. भूक नसलेली बायको चांगली अंग धरू लागली, तेव्हा एका संध्याकाळी साहेब काखेत दुधी मारून तिच्या मागोमाग गेले.

मावशींच्या गच्चीवर डबे, घमेली, फुटक्या बादल्या, सगळ्यांतून हिरवळ नुसती उतू जात होती. टेबलावर वांगी, शेंगा, पालेभाजी, टोमॅटोचा रस्सा. साहेब न विचारता बसले. दोन घास पोटात गेल्यावर बायकोकडे वळले. "बघ, याला म्हणतात बाग! शिक जरा मावशींकडून."

"माझी नुसती गच्ची आहे हो," मावशी म्हणाल्या. "रोपं हिची. तुम्ही उपटलीत तीच."

साहेबांनी खाकरून आवाज मोकळा केला, बादल्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "छान आहे. फक्त जरा विस्कळीत वाटतंय. या बादल्या जर एका रांगेत..."

बाईंनी त्यांच्या ताटात आणखी वांगी वाढली. मावशींनी गच्चीची किल्ली कमरेला खोचली.