बिलोलीकर सरांची हजेरी

बिलोलीकर सरांच्या वर्गात 'हजर' म्हणायला बंदी होती. सर नाव पुकारत आणि मुलांनी ओ द्यायची ती कुणाच्या तरी सोंगात. "आज सगळे चिक्कडपल्लीचे भाजीवाले," सरांनी असं जाहीर केलं की सातवीची मंडई होई.

"श्रावणी?"

"टमाटे खतम, सर. कल आओ."

सर गंभीरपणे मान हलवत. "चलता. लेकिन टोकरा किधर है? हाथां खाली दिखरे."

मग श्रावणी अदृश्य टोपली उचलत असे आणि हजेरी पुढे सरके.

सर भूगोल शिकवत. नाटकाचा तास आमच्या हिमायतनगरच्या शाळेने इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला वाहिला होता. मुलं सातवीतली, पालकांच्या मते आधीच उशीर झाला होता.

मी तिथे नुकताच लागलेला इतिहासाचा मास्तर. घरचे सगळे चळवळीतले, पत्रकांवरच अक्षरं गिरवलेली. त्यामुळे 'कला हा मुलांचा हक्क आहे' असं पत्रक काढून मी स्टाफरूममध्ये वाटलं. सरांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि त्यावर मिरचीभजी ठेवली.

"मियाँ, हक्क मागितला की नाही म्हणतात," सर म्हणाले. "कायकू मागायचा? हजेरी तर शाळेलाच हवी असते, तिच्यातच नाटक करायचं."

"हा भ्याडपणा आहे, सर."

"हौ. भजी घे."

मग चेहरा ओळखणारं यंत्र आलं. ते वर्गाच्या दारात बसवून मुख्याध्यापिका आपलं नेहमीचं आदरार्थी तेलुगू 'अंडी' जोडत म्हणाल्या, "सर, अब नाम पुकारने का झंझट नहीं, अंडी. वो टाइम मैथ्स को देंगे."

 दुपारी सर माझ्याजवळ येऊन बसले.

"ते पत्रक... अजून एक लिहितोस?"

"कलेच्या हक्काचं?"

"कला राहू दे. असं लिही की माणसाचं नाव दिवसातून एकदा तरी कुणीतरी मोठ्याने घ्यावं."

मागणी म्हणून मला ती फारच कच्ची वाटली. पत्नी वारल्यापासून सर मलकपेठच्या घरात एकटे राहत, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी त्या मागणीला 'शिक्षणाच्या यांत्रिकीकरणाचा निषेध' असं भारदस्त नाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी मसुदा दाखवायला सरांच्या वर्गाकडे गेलो.

मुलं रांगेने यंत्राला तोंड दाखवून आत जात होती. यंत्र प्रत्येकाला सारख्याच आवाजात 'थँक्यू' म्हणत होतं. सगळी बसली. सर टेबलाशी उभे होते. पुकारायला काही नव्हतं, आणि हजेरीच्या वेळात घ्यायला दिलेलं गणिताचं पुस्तक त्यांनी अजून उघडलं नव्हतं.

मागच्या बाकावरून श्रावणी उठली.

"विनायक बिलोलीकर?"

 सर आज कोण होणार, म्हणून सगळे टक लावून बसले. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सोंग काही सापडेना.

"हजर," ते म्हणाले.

श्रावणीने गंभीरपणे मान हलवली.

"चलता, सर. लेकिन हाथां खाली दिखरे."